वडिलांच्या हातचा जोड

माझे वडील देवळीत फिटर म्हणून कामाला लागले आणि पुढे वर्धा जिल्ह्यातल्या पाण्याच्या नळयोजनांचे मोठे ठेकेदार झाले. त्यांच्या प्रत्येक कामावर एक रीत होती. नारळ फोडून ते स्वतः चरात उतरत आणि पहिला जोड करत. दोन बिडाच्या नळांच्या फटीत ताग ठोकायचा आणि त्यावर वितळलेले शिसे एका धारेत ओतायचे. मग सगळे जोड उघडे ठेवून नळात दाबाने पाणी भरायचे. दाबमापकाचा काटा स्थिर राहिला तरच माती लोटायची, हा नियमही त्यांचाच. जिल्ह्यातल्या बाकीच्या ठेकेदारांनी तो, काहींनी कुरकुरत, त्यांच्याकडून घेतला.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात आंजी गावाचे काम संपत आले होते. कॉलेजला सुट्टी होती. मी बाभळीखाली पुस्तक घेऊन बसायची आणि दर दहा मिनिटांनी दाबाचा आकडा वहीत लिहायची. उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी काटा हळूहळू उतरू लागला. मजूर चराच्या टोकापर्यंत जाऊन आले. जोड सगळे कोरडे होते.

वडिलांनी कामावर देखरेख करणाऱ्या मिस्त्रींना हाक मारली. दोघे एकाच दिवशी फिटरकीला लागलेले.

"सारे जोड उघडे हायेत न?"

"एक बुजवला, भाऊ."

"कोणता?"

"तुमचा."

"काऊन?"

"तुमच्या हातचा जोड कोन तपासन? मलेच सरम वाटली."

तोवर गाव जमले होते. घागर घेऊन आलेली एक बाई म्हणाली, "ठेकेदार भाऊ, विहिरीचा दोर फेकू का ठेवू?"

"ठेव माय. आजच्या दिवस ठेव."

लोक हसले. मिस्त्री आवाज खाली आणून म्हणाले, "उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ द्या. मंग गुपचूप उघडतो. एवढ्याशा गळतीनं नळ आटत नाई."

मला मनातून तेच हवे होते. वीस वर्षांत कमावलेले नाव त्या एका जोडाखाली होते, आणि ते साऱ्या गावासमोर उकरले जाणार होते. वडिलांनी आधी उद्घाटन पुढे ढकलल्याचा निरोप वर्ध्याला धाडला. मग म्हणाले, "खोदा."

माती ओली निघाली. शिशाच्या कड्यावर मधोमध केसाएवढी रेघ होती. वडिलांनी तिच्यावरून बोट फिरवले आणि त्यांना आठवले. ते शिसे ओतत असताना पाहुणे आले होते. हात थांबवून त्यांनी नमस्कार केला होता. तेवढ्यात शिसे थिजले, आणि पुढची धार आधीच्या धारेत मिसळलीच नाही.

ते चरातच उभे राहिले. "चूक माही हाये," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "पाहुण्याच्या नादात हात थांबला. बाकी कोनाची चूक नाई."

जुने शिसे काढून झाल्यावर त्यांनी पळी मिस्त्रींपुढे धरली. मिस्त्री ती घेईनात.

"घे. अन् मधात कोनी आलं तं पाहू नको. मी असलो तरी."

मिस्त्रींनी शिसे ओतले. वडील गुडघे टेकून शेजारी बसले आणि शिसे बाहेर सांडू नये म्हणून नळाभोवती आवळायचा दोर त्यांनी धरला. ते मदतनिसाचे काम. दुसऱ्या दिवशी काटा हलला नाही.

त्यानंतर ते पहिला जोड करत राहिले, पण तो सर्वांत शेवटी बुजवायला लावत.

वडील गेले तेव्हा शोकसभेत एकाने सांगितले की त्यांच्या हातचा जोड कधीच गळला नाही. मी खाली मान घालून ऐकले. काही दिवसांनी हिंगणघाटचे एक तरुण ठेकेदार घरी भेटायला आले. वडिलांच्या हाताखाली शिकलेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "ताई, मालकाचा जोड आम्ही शेवटपर्यंत उघडा ठेवतो. भाऊंनीच शिकवलं. काऊन ते कधी विचारलं नाई. पूजेचं काही असन."

मी त्यांना परत बसायला सांगितले आणि आंजीत काय झाले ते सगळे सांगितले.