समोर उभी, तरी गैरहजर

"तू आज आलीच नायस," गेटवर सुपरवायझर म्हणाला.

मी त्याच्यासमोर उभी होते. हातात झाडू, मागे आमच्या आदिवासी वाडीच्या चार बाया.

ही रोह्याची कंपनी. सहा वर्षं मी इथलं आवार झाडते, ठेकेदाराच्या हाताखाली. पूर्वी मुकादम वहीतून नाव पुकारायचा, आम्ही 'हाय' म्हणायचो. मग नवा नियम आला. आपापल्या फोनवर आपला चेहरा दाखवायचा, तरच हजेरी. माझा फोन बटणांचा. त्याला चेहरा काय दिसणार?

"मी हाय ना साहेब, बघा की."

"मी बघून काय उपयोग? फोनमधी दिसायला पायजे. वाडीवाले ते वाडीवालेच राहणार तुम्ही."

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत झाडलं. तरी गैरहजर.

हा शब्द माझ्या जुन्या ओळखीचा. लहानपणी दिवाळी झाली की आईबाप मला घेऊन पेणकडच्या वीटभट्टीवर जायचे. पावसाच्या तोंडावर परतून शाळेत गेले की गुरुजी माझं नाव गाळूनच पुढे जायचे. एकदा मी हात वर केला. "वाडीचं पोर, आलं काय नि गेलं काय," ते म्हणाले. वर्ग हसला. मीपण हसले. त्या माझ्या हसण्याची मला अजून चीड येते.

म्हणून मुकादमाचं पुकारणं मला आवडायचं. कुणीतरी रोज माझं नाव घेत होतं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनंच तोडगा काढला. त्याच्या फोनवर तो माझी हजेरी लावणार. बदल्यात मी सुटल्यावर पूल ओलांडून अष्टमी गावात त्याच्या घरी भांडी घासायची. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी गेले. दोन महिने गेले. घरी माझी लेक दारात वाट बघून एकटीच जेवून घ्यायची.

एका संध्याकाळी त्याच्याकडे पाहुणे आले होते. मी मोरीत मटणाचा टोप घासत होते. पाहुणीनं विचारलं, "बाई कुठून मिळाली हो?"

"फुकटात," तो म्हणाला. "फोन नाय तिच्याकडं. रोज मीच तिला हजर करतो."

सगळे हसले.

या वेळी मी हसले नाही. टोप अर्धा घासलेला तसाच ठेवला, हात धुतले आणि बाहेरच्या खोलीत आले.

"मी माझ्या पायांनी येते रोज," मी म्हटलं. साहेब म्हटलं नाही. "उद्यापास्नं तुमची भांडी तुम्ही घासा."

"उद्या गेटवर बघतो तुला."

"व्हय. बघाच."

सकाळी त्यानं मला आत घेतलं नाही. चौघींनी फोन तोंडासमोर धरले आणि आत गेल्या. त्यातली एक माझी जाऊ. वळून हळूच म्हणाली, "घे नं गो एकदाचा फोन."

घेईनही उद्या. फोनशी माझं भांडण नाही. पण तो नाही म्हणून मीच नाही, हे मी आता ऐकून घेणार नाही. एकदा वर्गात ऐकलं, तेवढं पुरे झालं.

रोज शिफ्टच्या आधी मी गेटवर जाते. बाकीच्यांचे फोन दाखवून झाले की हात वर करते, माझं नाव मोठ्यानं घेते आणि मीच 'हाय' म्हणते. तो मान फिरवतो.

आज अकरावा दिवस. फिरवू दे मान. माझं नाव हजेरीत चढेपर्यंत मी हे गेट सोडणार नाही.