वल्लरीचं बिनविषयाचं वर्ष

आधीच सांगून टाकते, मला वल्लरीचा हेवा वाटायचा. उगाच 'कौतुक वाटायचं' वगैरे म्हणणार नाही. कौतुक करायला माणूस जरा लांबचा लागतो. ही माझी धाकटी जाऊ, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारी, आणि तिचं पोर दिवसभर माझ्या कडेवर.

आम्ही जर्मनीत, कार्ल्सरूहेला आलो नव्याण्णव साली. शिरीष, म्हणजे माझा नवरा, सॉफ्टवेअरमध्ये. मी एम.एस्सी. केमिस्ट्री, विद्यापीठात पहिली आलेली. पुण्यात कॉलेजवर शिकवत होते, ते सोडून आले. 'तिकडे गेल्यावर बघू' असं आमचं ठरलं होतं. ते आम्ही अजून बघतोच आहोत. मग शमिका झाली. ती शाळेत जायला लागली, मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर द्यायला लागली, तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. तेवढ्यात धाकट्या दिराला, गौरांगला, इथेच नोकरी लागली. बायको आणि तान्ह्या कबीरला घेऊन स्वारी हजर!

वल्लरी स्वभावानं गोड. पण एक ना धड भाराभर चिंध्या. बी.ए. केलं, मग इंटीरियरचा कोर्स अर्धा, मग जर्मनचे वर्ग, मग केक. काय करायचंय विचारलं तर हसायची. माझ्या माहेरी असं हसणाऱ्या मुलीला दोन दिवसांत वळणावर आणलं असतं.

एक दिवस जेवताना म्हणाली, "वहिनी, इथल्या युनिव्हर्सिटीत गास्टह्योरर म्हणून जाता येतं. म्हणजे पाहुण्यासारखं. कुठल्याही वर्गात जाऊन बसायचं. विषय नाही, परीक्षा नाही. एक वर्ष जाऊन बघू?"

"परीक्षा नाही, मार्क नाहीत?" शिरीष म्हणाला. "म्हणजे हळदीकुंकूच की! जायचं, बसायचं, घरी यायचं."

सगळ्यांत मोठ्यांदा मीच हसले. मग गौरांग म्हणाला, "पण कबीर?" आणि तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी थोरली ना! म्हटलं, जा बाई, मी आहे.

तर ऑक्टोबरपासून बाई निघाल्या. सोमवारी पूल कसे बांधतात ते ऐकायला, मंगळवारी जुनी चित्रं, बुधवारी ज्वालामुखी. मी कबीरला खिमट भरवायचे, त्याचं नाक पुसायचे, आणि इथे जिना झाडायची घरोघरी पाळी असते, तिच्या आठवड्यात तोही मीच झाडायचे, कारण खालची म्हातारी जिना झाडलाय की नाही ते बोट फिरवून बघते.

दिवाळीला महाराष्ट्र मंडळाचा फराळ होता. तिथे ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, "अरे वा, युनिव्हर्सिटीत? कशात करतेस?" आणि ही खुशाल सांगायची, "कशातच नाही. सगळीकडे जाऊन बसते." लोकांना हसावं की सांत्वन करावं कळेना. विभावरीताईंनी मला बाजूला घेतलं. "अ‍ॅडमिशन नाही ना मिळाली बिचारीला?" खरं तर मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बघू या, काय होतं ते," आणि अजून एक करंजी घेतली. छान लागली.

पण घरी रोज माझी शिक्षा ठरलेली. चार वाजता वल्लरी यायची, गाल लाल, स्कार्फ अर्धा सुटलेला, आणि वर न जाता थेट माझ्या स्वयंपाकघरात. "वहिनी, आज काय झालं माहितीये? सरांनी पाण्यावर तरंगणारा दगड आणला होता. हातात घेतला तर पावासारखा हलका!" मला माहीत होतं प्यूमिस म्हणजे काय. मी परीक्षेत लिहिलं होतं. हातात कधी घेतला नव्हता. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. म्हणायचे, "आधी पोराला घे, मग दगड सांग."

तिकडे तास संपला की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. ते शिकून आली आणि घरी सुरू केलं. आमटी आवडली, ठकठक. ते बघून कबीरही चमचा आपटायला लागला. शिरीषला मोठी गंमत वाटायची. माझं डोकं उठायचं.

फेब्रुवारीत ती फिरत फिरत केमिस्ट्रीच्या वर्गात जाऊन पोचली. त्या दिवशी तोंड उतरवून आली. "वहिनी, आज काहीच कळलं नाही. आम्ल आणि अल्कली म्हणजे नक्की काय हो?"

वाटीत हळद कालवली, कपडे धुवायच्या साबणाचं पाणी थेंबभर टाकलं. हळद लालभडक झाली. वर लिंबू पिळलं, परत पिवळी. मग बसवलं तिला ओट्यासमोरच्या स्टुलावर आणि सांगत गेले, का होतं, कसं होतं, कोण कोणाला काय देतं आणि कोण घेतं. बोलता बोलता कुकरच्या शिट्ट्याही मोजायच्या राहिल्या. डाळीचा लगदा झाला. थांबले तर वल्लरी माझ्याकडे बघत होती. मग तिनं ओट्यावर ठकठक केलं.

इतक्या वर्षांत मला कोणी शाबासकी दिली नव्हती. मी पिळलेलं लिंबू उगाच परत पिळलं. आणि त्याच क्षणी तिचा इतका राग आला की विचारू नका. उद्या ही परत त्या वर्गात जाऊन बसणार होती, आणि मी डाळ पुन्हा लावणार होते.

"तुम्हाला केमिस्ट्री खूप आवडायची ना?" तिनं विचारलं.

"मार्क चांगले पडायचे."

"ते नाही. आवडायची का?"

"दूध उतू जातंय बघ," मी म्हटलं. गॅसवर दूध नव्हतंच.

आवडायची का! बारावीला मार्क पडले, आप्पांनी, माझ्या वडिलांनी, सायन्स चालू ठेवलं. मेडिकल थोडक्यात हुकलं म्हणून बी.एस्सी.ला गेले. केमिस्ट्रीत सर्वांत जास्त मार्क, म्हणून केमिस्ट्री. पहिली आले, पेपरात फोटो आला, आईनं पेढे वाटले. मला कोणी विचारलं नाही आणि मीही मला विचारलं नाही. आणि ही सत्तावीस वर्षांची घोडी रोज सकाळी ट्राममध्ये बसून स्वतःला विचारत होती, आज कुठे जाऊ? त्या एका प्रश्नासाठी मी तिच्यावर जळत होते. गाल लाल व्हायचे तिचे, पोळायचे माझे.

जुलैत वर्ष संपलं. त्या रविवारी आम्ही सगळे आमच्याकडे जेवायला जमलो होतो. कबीर माझ्या मांडीवर बसून वरणभात खात होता. शिरीष चेष्टेनं म्हणाला, "काय मग पाहुण्या बाई, वर्षभर हिंडून मिळालं काय?"

वल्लरी विचार करून बोलली. "पहिले दोन महिने फार लाज वाटली हो दादा. सगळी मुलं खाली मान घालून लिहायची, मी एकटीच नुसती ऐकत बसायचे. वाटायचं, कुणी उठवेल आता. मग हळूहळू काय नको ते कळायला लागलं. पूल नकोत. चित्रं छान, पण पडद्यावर दाखवतात तेव्हा अंधार करतात, मला झोप येते." सगळे हसले. "असं एकेक गळत गळत एक राहिलं. केमिस्ट्री. ऑक्टोबरपासून रीतसर प्रवेश घेतेय, परीक्षेसकट. कागदपत्रं बघून ते हो म्हणालेत. आणि हे वहिनींमुळे झालंय. त्या दिवशीच्या हळदीमुळे."

"वा! घरात दोन-दोन केमिस्ट!" शिरीष म्हणाला.

"किंडरगार्टनमध्ये तीन वर्षांचा झाल्याशिवाय घेत नाहीत," गौरांग म्हणाला, "पण कबीरची काळजी नाही. वहिनी आहेत."

"नाही," मी म्हटलं. "वहिनी नाहीत."

कुणाला कळेना मी काय म्हणतेय ते. मलाही बोलल्यावरच कळलं. "ऑक्टोबरपासून मी जाणार आहे. युनिव्हर्सिटीत."

शिरीषचा चेहरा खुलला. "अगं, मग आधी सांगायचं! पीएच.डी.? तुझ्या मार्कांवर कोणीही घेईल."

"पीएच.डी. नाही. केमिस्ट्रीही नाही. कशातच नाही. ही गेली तशी जाणार."

"तू? अगं, पण तुझं तर शिकून झालंय."

वल्लरीचे डोळे भरले. "वहिनी, मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ठरवता आलंय. आता परत एक वर्ष घरी बसू?"

"बस. तुझं ठरलंय ना, ते वर्षभरात कुठे पळून जात नाही. माझं कधी ठरलंच नाही, वल्लरी. सगळं नुसतं होत गेलं." माझा आवाज चढला होता, पण मी थांबले नाही. "पहिल्या दिवसापासून हेवा वाटतोय मला तुझा. तुझी केमिस्ट्री तुला लखलाभ. मला तुझं ते वर्ष हवंय."

ती हळूच म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही मला हसता."

"हसतच होते. दुसरं काय करणार होते?"

मला तिचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. 'बरं बाई, जा' एवढं म्हटलं असतं की सगळं सुरळीत झालं असतं, आणि ते शब्द ओठांवर आलेही होते. मी गिळले.

वल्लरी उठली, माझ्या बाजूला आली आणि तिनं माझ्या मांडीवरून कबीरला उचललं. त्यानं भोकाड पसरलं आणि माझ्याकडे दोन्ही हात केले. मी हात पुढे केले नाहीत.