तांडेल आणि उत्तम नाविक

आमच्या पाली गावात, कोळीवाड्यात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. बोटीवर नातं बोलायचं नाही. किनाऱ्यावर तो तुमचा बाप असो, काका असो, नाहीतर सासरा असो. एकदा बोट पाण्याला लागली की तो तांडेल. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, तिचा आणि तिच्यावरच्या माणसांचा धनी. बाकी सगळे खलाशी. माझा धाकटा भाऊ शाळेत असताना सुट्टीत बाबांबरोबर जायचा. एकदा मोठी लाट आली तेव्हा तो घाबरून "बाबा!" म्हणून ओरडला. बाबांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. "तांडेल!" म्हणाला, तेव्हा त्याचा दंड धरला. घरी आल्यावर आईने बाबांना असं झाडलं की अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. बाबा निवांत भाकरी मोडत होते. "बोटीवं बाप नसतो," एवढंच बोलले.

मला बोटीवर कुणी नेलं नाही, मी पडले मुलगी. म्हणून मला बाबा कायम बाबाच मिळाले. लहानपणी याचा मला भारी राग यायचा. मलाही त्यांना एकदा तांडेल म्हणून हाक मारायची होती.

नवीन शतक लागलं तेव्हा माझं लग्न होऊन मी भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या कडेला उठलेल्या एका बिल्डिंगमध्ये राहायला आले होते. आमच्या मजल्यावर एक घर गुजराती, एक युपीवालं, एक गिरगावातून आलेलं. माझं माहेर बसने जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ, पण या लोकांना उत्तन-पाली म्हणजे रविवारी फिरायला जायची जागा. तिथे माणसंही राहतात, हे मला दर वेळी सांगावं लागायचं.

त्याच सुमारास भाऊ फौजेत लागला. जमिनीवरची फौज नाही. समुद्रावर पहारा देणारी, पांढऱ्या जहाजांची. गावातला तो पहिलाच. आईने पेढे वाटले. बाबांनी पेढा हातात धरून ठेवला आणि विचारलं, "हुद्दा काय?"

"नाविक," भाऊ म्हणाला.

"मंजे?"

"म्हणजे... जहाजावरचा माणूस."

"दोर वढनार ना? डेक धुनार ना?"

"ते तर करायला लागेलच."

"मंग खलाशी सांग ना सरल," बाबा म्हणाले आणि पेढा ताटलीत परत ठेवला. "तांडेलाचा पोर दुसऱ्याच्या बोटीवं खलाशी. वा रं वा!"

मी मध्ये पडले. म्हटलं, अहो बाबा, पगार आहे, पेन्शन आहे, युनिफॉर्म आहे. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी पुढचं वाक्य गिळलं. मग त्यांनी ती गोष्ट काढली, जी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि जिच्यावर आम्हा दोघांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा आज्जा इंग्रजांच्या काळात सरकारी लढाऊ जहाजावर होता. आणि तिथे त्याचा हुद्दा होता तांडेल. "गोरा कप्तान सोता त्याला तांडेल म्हनून हाक मारी. तू इचार तुज्या सायबांना, तांडेल कुठं गेला त्यांचा? आनि मंग ये मला नाविक-बाविक सांगाया."

भाऊ खरंच विचारून आला. पहिल्या सुट्टीत घरी आला तो केस बारीक कापलेला, मान ताठ, आणि आल्या आल्या मला माहेरच्या ओट्यापाशी गाठून म्हणाला, "ताई, आज्जाची गोष्ट खरी आहे गं." त्यांना शिकवणारा एक म्हातारा होता, त्याने सांगितलं होतं. एके काळी सरकारी जहाजांवर हुद्द्यांची नावं आपलीच होती: सारंग, तांडेल, सुकाणी, खलाशी. स्वयंपाक करणारा भंडारी, झाडलोट करणारा टोपास. माणसाचा पगार, त्याची जागा, त्याने कुणाला सलाम करायचा, सगळं त्या नावावर. मग एकेक नाव काढत गेले, त्या जागी इंग्रजी नावं आली, आणि भावाच्या फौजेने शेवटी नवीन हिंदी नावं घेतली. नाविक, त्याच्या वर उत्तम नाविक, त्याच्या वर प्रधान नाविक.

मी बोंबील साफ करत होते, ते तसेच राहिले. तांडेल हा आमच्या गल्लीतला, ओल्या जाळ्यांच्या वासाचा शब्द. आई भांडताना वापरते तो शब्द. तो तोफांच्या जहाजावर पुकारला जायचा! माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि आजही ते आठवलं की येतो. बाबांना सांगितलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. "मी काय थापा मारतंव?" म्हणाले, आणि लगेच, "पन काढला कोनी? का काढला?" ते भाऊ तरी बिचारा कुठून सांगणार?

बाबांचं मग पक्कं झालं. ज्या जहाजावर तांडेल नाही, तिथला हुद्दा हुद्दाच नाही. कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर म्हणायचे, "हाय तिकडं, पान्यावं." नाविक हा शब्द त्यांनी चुकूनसुद्धा तोंडातून काढला नाही. माणूस हट्टी असावा, पण किती?

दोन-तीन वर्षांनी भाऊ उत्तम नाविक झाला, आणि आईच्या अंगात आलं. ती भाईंदरच्या मार्केटात मासळी घेऊन बसायची. गिऱ्हाईक कुठल्याही भाषेचं असो, आधी पापलेटचा भाव, मग हे: "मेरे लडके को सरकार ने उत्तम बोला है."

"आये," मी कपाळाला हात लावून म्हणाले, "तो शेरा नाही गं, हुद्द्याचं नाव आहे. नाविकाच्या पुढे सगळेच उत्तम नाविक होतात."

"सगल्यांना उत्तम कशाला बोलतील? सरकार काय येडं हाय?"

यावर काय बोलणार, कप्पाळ! ती आमच्या बिल्डिंगमध्येही येऊन हेच सांगून गेली. शेजारच्या गुजराती बेनला वाटलं की भावाचं नावच उत्तम आहे. ती त्याला उत्तमभाई म्हणायला लागली, आणि अजून म्हणते. मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.

बाबांनी आईचं ते कौतुक ऐकून एवढंच म्हटलं, "उत्तम का मध्यम, ते दर्या ठरवंल."

मग एकदा भावाच्या जहाजावर घरच्या माणसांना बोलावलं. आम्ही मुंबईला धक्क्यावर गेलो. काय ते जहाज! मी जन्मभर बोटी बघितल्या, पण मान इतकी मागे करून कधी बोट बघावी लागली नव्हती. पांढरंशुभ्र अंग, त्यावर तिरपा पट्टा, आणि वर कठड्याशी माझा भाऊ, ज्याचं नाक मी पुसलंय, पांढऱ्या कपड्यांत असा उभा की मला त्याला अरेतुरे करायची भीती वाटली. मी आणि आई शिडीवरून चढलो. बाबा खालीच.

"या ना बाबा," भाऊ वरून म्हणाला.

"तांडेलानं बोलवल्याबिगर दुसऱ्याच्या बोटीवं पाय ठेवीत न्हाईत," बाबा म्हणाले. "बोलव तुज्या तांडेलाला."

हाही आमच्याकडचा रिवाजच, खोटं नव्हतं त्यात काही. पण त्या जहाजावर तांडेल आणायचा कुठून? आम्ही सगळं जहाज बघून, चहा-समोसे खाऊन खाली उतरेपर्यंत बाबा उन्हात उभे होते. भावाने मला बाजूला घेतलं. "ताई, मला त्यांच्याकडून दुसरं काही नको. एकदा माझा हुद्दा त्यांनी तोंडाने घ्यावा, बास." त्याचे डोळे भरले होते आणि युनिफॉर्मवर रडता येत नाही म्हणून तो जहाजाकडे बघत होता. मला बाबांचा असा संताप आला की परतीच्या गाडीत मी त्यांच्याकडे पाठ करून बसले.

पुढच्या दिवाळीची गोष्ट. भाऊबीजेला भाऊ ड्युटीवर होता, तरी मी आपली सवयीने माहेरी गेले. दुपारपासून अवकाळी वारा सुटला. एकेक बोट परत यायला लागली, आणि बाबांची काही येईना. आई आधी देवाला, मग बाबांना, मग वाऱ्याला बोलून झाली. शेवटी आम्ही रिक्षा करून शेजारच्या चौक गावात मच्छीमारांच्या सोसायटीच्या ऑफिसात गेलो. तिथे वायरलेसचा सेट होता, आणि सोसायटीचे सेक्रेटरी त्याला कान लावून बसले होते. त्यांनी आम्हाला बघून बोट ओठावर ठेवलं.

खरखरीतून बाबांचा आवाज आला. "पंख्यात जालं गुतलंय. इंजिन बंद. बोटीत पानी भरतंय."

मग एक परका आवाज, शांत, हिंदीतला. पहाऱ्याच्या जहाजावरून होता. आपकी पोझिशन बताइए, बोट पर कितने आदमी हैं?

बाबांचं हिंदी म्हणजे आनंदीआनंद. "आदमी सब हाय," ते ओरडले, "बोट न्हाय चलता!" सेक्रेटरींनी डोक्याला हात लावला. जहाजावरच्याने पुन्हा विचारलं, बाबांनी पुन्हा तेच सांगितलं. मग थोडी खरखर. आणि मग दुसरा आवाज.

"तांडेल, धीर धरा. बोटीवं मानसं किती हायत?"

आईने माझा हात असा आवळला की बांगडी पिचली. हा आमचा! भाऊबीजेला आला नाही तो हा. जहाजावर आपली बोली येणारा तोच एकटा, म्हणून कप्तानाने माईक त्याच्या हातात दिला होता. आणि तो बाबा म्हणाला नाही. बाप बुडतोय हे कळत असताना त्याने नियम पाळला. आवाज जरासुद्धा हलला नाही त्याचा. मी तिथे उभी राहून मनात म्हणत होते, अरे, हा कोण आहे? हा आपल्या घरात वाढला?

मग बाबांनी माणसं सांगितली, जागा सांगितली, किनाऱ्याची कुठली खूण कुठल्या बाजूला दिसते ते सांगितलं. दोघं असे बोलत होते की जणू दोन अनोळखी कामाची माणसं. जहाज जवळ गेलं. एकेक खलाशी वर घेतला, ते भाऊ सांगत गेला आणि सेक्रेटरी मान डोलावत गेले.

"तांडेल, आता तुमी या."

"मी न्हाय," बाबांचा आवाज. "बोट सोरून मी न्हाय येनार. आनि बोलवल्याबिगर तर न्हायच न्हाय."

"मेल्या, ये की!" आई सेटवर ओरडली. बटण दाबलेलं नव्हतं, ते तिला कुठे ठाऊक. तिने माईक ओढायला बघितला, सेक्रेटरींनी तिचा हात धरला. "वैनी, लाइन मोकळी ठेवा, पाया पडतो." वाऱ्याने ऑफिसचा पत्रा धडधडत होता. सेटमधून फक्त खरखर. मला वाटलं, संपलं. हट्टापायी गेला आमचा बाप.

मग पहिलाच तो शांत, हिंदी बोलणारा आवाज आला. तो खुद्द कप्तान होता, हे आम्हाला नंतर कळलं. कोण कुठला उत्तरेकडचा माणूस. बाजूला उभं राहून भावाने शब्द पुरवले असणार. तो अडखळत, एकेक शब्द उचलून ठेवत बोलला.

"तांडेल. मी ह्या बोटीचा तांडेल बोलतो. आमच्या बोटीवर या."

जो शब्द सरकारने कधीचा पुसून टाकला होता, तो सरकारी जहाजावरून, सरकारी माणसाच्या तोंडून, वादळात माझ्या बाबांना हाक मारत होता. मी हात जोडले. कुणाला जोडले, दर्याला, कप्तानाला का त्या आज्जाला, ते मला सांगता यायचं नाही. बोट वाचली का, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. वाचली, ओढून आणली. त्या घडीला मात्र बोटीचं कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

"येतंव," बाबा म्हणाले.

आमच्या बोलीत अहो-जाहो फारसं नाहीच, आणि धाकट्याला तर कुणीच करत नाही. बाबांनी उभ्या जन्मात ते केलं नव्हतं.

"उत्तम नाविक," ते म्हणाले, "दोर टाका."

टाक नाही म्हणाले. टाका म्हणाले.

पलीकडून आलेला भावाचा आवाज पहिल्यांदाच फुटलेला होता. "टाकला, तांडेल."

आई तिथल्याच बाकावर मटकन बसली. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि सेक्रेटरींना म्हणाली, "आयकलंत ना? मी सांगीत व्हती ना सगल्यांना? उत्तम."