न दिलेली ओ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. का लपवलं? सांगायला तोंडच उघडलं नाही, एवढंच.

आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. नागपुरात आमची घरं बोटांवर मोजण्याएवढी. वडील रेल्वेत होते. ओळखीचं कुणी आजारी पडलं की ते जायचेच, मग तो कोणत्याही धर्माचा असो. आपल्या धर्मात नुसतं हळहळून भागत नाही, म्हणायचे. दुखणेकऱ्याजवळ जाऊन बसावं लागतं, त्याला काय हवं ते बघावं लागतं. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचो. मग मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

सत्तरच्या आसपासची गोष्ट. महादेव आणि मी एका छापखान्यात शेजारी बसून अक्षरांचे खिळे जुळवायचो. एका सकाळी नंदनवन वस्तीतल्या त्याच्या घरी स्टोव्ह भडकला. तोंड, छाती, हात — सगळं भाजलं. तिसऱ्या दिवशी त्याची बायको शांता छापखान्यात आली.

"भावजी, ते तुमचंच नाव घेऊन राहिले. एकडाव येऊन जा ना."

गेलो. दुपारी, भेटायच्या वेळेत. दवाखान्यात वॉर्डाच्या दारात पोचलो — आणि भाजलेल्या कातडीचा तो वास आला. महादेवच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. चाहूल लागून त्यानं मान वळवली.

"कोण आहे गा? दानियल काय?"

मी दाराची चौकट धरली.

"बोलत काहून नाही? थोडं पाणी दे ना गा."

तांब्या उशाशीच होता. चार पावलं — चारच. कशाची भीती वाटली मला? त्याच्या चेहऱ्याची? अजून सांगता येत नाही. चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता निघून आलो.

दुसऱ्या दिवशी शांताला सांगितलं — त्याला झोप लागली होती, मी तासभर बसून होतो.

महादेव वाचला. डोळे गेले. पुढं अकरा वर्षं, घरी येईल त्याला सांगायचा, "दानियल आला होता दवाखान्यात. तासभर बसला. मीच लेकाचा झोपलो होतो." मी समोरच बसलेला असायचो, चहाचा कप हातात.

एकदा आम्ही दोघंच होतो. त्यानं चाचपडत माझा हात धरला.

"दवाखान्यात एक जण दारातूनच परत गेला होता गा. पाणी मागतलं, तर बोललाही नाही. कोण असंन?"

"असंन कोणीतरी," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. हात मात्र तसाच धरून ठेवला.

महादेव गेला. खरं सांगायला अकरा वर्षं होती माझ्याजवळ.