वाघाटीचा कौल

सासरच्या गावी देवराईच्या दगडी गडग्यावर मी ते जनावर पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा शेजारी उभा असलेला दीर कुजबुजला, "बिबट्याचा पिल्लू मां ता?"

मी जामसंड्याच्या शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे गप्प बसणं जमत नाही. म्हटलं, "पिल्लू कसलं? पुरती वाढलेली वाघाटी आहे ही. घरच्या मांजराहून लहान." कपाळावर पट्टे, अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून जगात कुठे नाही, आणि इथे जुन्या किंजळीच्या झाडाच्या ढोलीत तिची दोन पिल्लं! माझ्याकडच्या जुन्या पुस्तकातल्या नकाशात आमचा भाग कोराच होता. मला आनंदाने वेड लागायचं बाकी राहिलं.

"मांजारच मगे," दीर हिरमुसून म्हणाला.

तो देवराईतल्या देवळाचा मानकरी. थोड्याच दिवसांत गावाने ठरवलं की गळकं देऊळ पाडून स्लॅबचं बांधायचं, पुढे मोठा सभामंडप, शिवाय गाड्या लावायला जागा. म्हणजे देवराई तोडायची. मी दिराला ढोली दाखवली, पिल्लं दाखवली, हातापाया पडायचीच बाकी राहिले. तो वाईट माणूस नाही, मला कधी उलट बोललेला नाही. "वयनी," तो म्हणाला, "मांजराक ढोली व्हयी म्हणान देवाक गळक्या छपराखाली ठेवचा?" मग कायद्याने वाघाटीला वाघाइतकंच संरक्षण आहे, हे मी सगळ्यांना सांगितलं. लोकांनी आदराने ऐकून घेतलं.

देवराईतली काटकीसुद्धा देवाला विचारल्याशिवाय तोडत नाहीत, म्हणून कौल लावला. गुरवाने देवाच्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाणी सुकलं की पाकळी पडते, त्यात देव नसतो, असं मी वर्गात नेहमी सांगत आले. त्या सकाळी मीच हात जोडून उभी होते. डावी पडू दे, आयुष्यात दुसरं काही मागणार नाही. डावी हललीसुद्धा. पडली उजवी.

"देवान हुकूम दिल्यान," दीर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले, पण लोकांना ती भक्ती वाटली.

किंजळ पाडली त्या दिवशी मी गेले नाही. नंतर पिल्लांची चौकशी केली, तर कुणी काही पाहिलं नव्हतं. मग डांबरी रस्त्यावर गाडीखाली आलेली एक वाघाटी सापडली. तीच की दुसरी, सांगता येत नाही. फोटो मीच काढून अभ्यासकांना पाठवला. त्यांच्या नकाशावर आमच्या गावाचा ठिपका उमटला तो असा. मला त्याचा आनंद झाला नाही, लाज वाटली.

यंदाची जत्रा नव्या सभामंडपात झाली. गार फरशी, डोक्यावर पंखे. दिराने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, नेहमीचंच.

"बा देवा म्हाराजा, रानातल्या जनावरापासून ह्या लेकरांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सवयीने मीही ओरडले. आणि मग बाहेर, देवराई होती तिथे, ओळीने लावलेल्या गाड्यांकडे लक्ष गेलं. देवाने हे गाऱ्हाणं आधीच ऐकलं होतं.