शेवटची ओळ गायची नसते

ब्रिस्टलमधल्या आमच्या घराची आणि शेजारच्या घराची भिंत एकच. टेरेस्ड घरं अशीच असतात, एकमेकांना खेटून रांगेत उभी. आमचं सिंक भिंतीच्या या बाजूला आणि शेजारच्या मावशींचं त्या बाजूला, त्यामुळे संध्याकाळी जेवणं उरकली की आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून भांडी घासायचो. मध्ये फक्त विटा होत्या.

मावशी म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातून तरुणपणी नर्स म्हणून इथे आलेली बाई. माझ्या आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची इथली पद्धत मला आजतागायत जमलेली नाही, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात त्यांना मावशी करून टाकलं. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे त्या पोस्टमनलाही मोठ्या तोऱ्यात सांगायच्या, मी या घराची मावशी आहे. नवरा म्हणायचा, तू न विचारता नाती वाटत सुटतेस. वाटते बुवा, मला त्याशिवाय करमत नाही.

तर या मावशी भांडी घासताना गायच्या. रोज एकच गाणं, त्यांच्या आयरिश भाषेतलं. विटांतून येताना शब्द गळून जायचे आणि उरायची नुसती चाल. ती हळूहळू वर चढायची, वर गेल्यावर जरा घुटमळायची, मग पायऱ्या उतराव्यात तशी खाली यायची. मी एकदा विचारलं की हे गाणं कसलं, मलाही शिकवा की. त्या म्हणाल्या, "ते भांड्यांचं गाणं आहे, माणसांचं नाही. माझी आई भांडी घासताना म्हणायची." विषय संपला. मी मात्र ऐकत राहिले, आणि आपल्याला ती चाल पाठ झाली आहे हे मला कित्येक वर्षांनी आपोआप कळलं.

मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जिवावरचं निभावलं, पण आवाज गेला. बोलता यायचं, तेही खरखरीत आणि खालच्या पट्टीत. गाता येईना. भिंतीपलीकडून फक्त नळाचा आणि ताटल्यांचा आवाज यायला लागला आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं. त्यांना काय वाटायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

या वसंतात त्यांनी घर विकलं. बर्मिंगहॅमला मुलाकडे कायमचं जायचं ठरलं. एक दिवस सकाळी त्या आमच्याकडे आल्या, माझ्या हातचा आल्याचा चहा घेतला आणि म्हणाल्या, "निघायच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली आहे. केक सून आणणार. तू गाणी म्हणायचीस."

"मी?"

"आमच्या गावातून कुणी कायमचं निघालं की गाऊन निघतं. मी इकडे आले तेव्हा बोटीवर चढायच्या आधी गायले होते. आता मला गाता येत नाही, आणि न गाता मी निघणार नाही. तीन गाणी हवीत, आमच्याकडची. पेटी, गिटार काही नको. एकटी बाई आणि तिचा गळा. आणि हॉन्टिंग हवीत, आठवडाभर माणसाचा पिच्छा न सोडणारी. कुठली ते तू निवड. दोन आधी मला ऐकव, तिसरं पार्टीतच."

मला कुणी गायला सांगितलं तर माझ्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. पश्चात्ताप मागाहून होतो. शाळकरी वयात मी गाणं शिकले होते, इथल्या गणपतीत दोन अभंग म्हणते, एवढ्या भांडवलावर मी हो म्हणून बसले.

पुढचे सगळे वीकेंड केल्टिक गाणी ऐकण्यात गेले. आयर्लंडची, स्कॉटलंडची, वेल्सची. मी लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलवर आणि नवरा शेजारी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत. या गाण्यांत बायका सतत किनाऱ्यावर उभ्या असतात आणि पुरुष सतत बुडत असतात. एका गाण्यात नवरा बुडतो, दुसऱ्यात तिन्ही भाऊ. तिसऱ्यात बायकोच मुळात सील नावाचा समुद्री प्राणी असते आणि एक दिवस आपलं कातडं शोधून काढून समुद्रात परत जाते.

"या लोकांना स्विमिंग कुणी शिकवत नाही का?" नवऱ्याने मोजा शोधता शोधता विचारलं.

"तू गप्प बस. ऐक, हा आपला भूप आहे."

"सगळाच भूप कसा असेल?"

"सगळा नाही. मघाचं काफीसारखं होतं."

हे मात्र खरं होतं. हे सूर ओळखीचे निघाल्यावर मला चांगलाच चेव आला. मी परीक्षक असल्यासारखी गाणी बाद करत सुटले. एक फार गोड, बाद. एक जिथे तिथे ऐकू येणारं, बाद. एकात इतकी कडवी की केक शिळा होईल, बाद. शेवटी दोन ठरली. पहिलं स्कॉटलंडच्या बेटांवरचं अंगाईगीत, बाप समुद्रावर असताना आई म्हणते ते. दुसरं एका मुलीचं, जिचा होणारा नवरा लग्नाच्या आदल्या दिवशी होडी घेऊन जातो आणि अर्थातच बुडतो. तिसऱ्याचं घोडं अडलं होतं.

पहिल्या तालमीला मी मावशींच्या रिकाम्या होत चाललेल्या बैठकीत उभी राहिले. तानपुऱ्याशिवाय मी जन्मात गायले नव्हते. म्हणून फोनवरचा तानपुरा अगदी बारीक आवाजात लावून मी कार्डिगनच्या खिशात ठेवला होता.

मावशींनी कान टवकारले. "तुझ्या खिशात मधमाशी आहे."

मी फोन काढून दाखवला. त्यांनी तो घेतला, बंद केला आणि उशीखाली घालून त्यावर बसल्या. "आता गा."

सा हातचा सुटला की काय होतं, ते ज्याचा सुटतो त्यालाच ठाऊक. पहिलं कडवं एका पट्टीत, दुसरं दुसऱ्याच. घरी येऊन मी वैतागून ओट्याशी उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की आपला फ्रिज पेटीच्या पांढरी पाच पट्टीत घोंघावतो आहे. त्या दिवसापासून मी फ्रिजच्या सुरात रियाज केला. नवरा दूध काढायला आला की त्याला दार उघडू देत नसे.

दुसरी अडचण जास्त मोठी होती. आपल्याकडे गाणं फिरून मुखड्यावर येतं. अंतरा संपला की पहिल्या ओळीवर यायचं, हे हाडात भिनलेलं. मी दुसरं गाणं म्हणायला घेतलं, होडी निघाली, वारा सुटला, मुलगा बुडाला आणि मी मोठ्या प्रेमाने परत पहिल्या ओळीवर आले, जिथे तो सकाळी होडी सोडतो आहे.

मावशींनी हात वर केला. "तो बुडाला ना?"

"हो."

"मग त्याला परत धक्क्यावर का आणलंस?"

"सवय आहे, मावशी."

"आमची गाणी पुढेच जातात. मागे फिरत नाहीत. जे झालं ते झालं." मग त्यांनी मला शेवटाची रीत सांगितली. त्यांच्या गावात शेवटची ओळ, निदान तिचे शेवटचे शब्द, गात नाहीत. साध्या आवाजात, चहा हवा का विचारावं तसे बोलून टाकतात. गाणाऱ्याने आपलं गाणं खाली ठेवलं, हे त्यावरून लोकांना कळतं. मी तीनदा प्रयत्न केला आणि तीनही वेळा शेवटचा सूर लांबवून वर एक हरकत घेऊन मोकळी झाले. आमच्या गुरूंनी समेवर कसं यायचं ते शिकवलं होतं, बोलून टाकायचं शिकवलं नव्हतं. माझा त्या सगळ्यात ताल सुटायचा म्हणून मावशींनी आणखी एक गोष्ट केली. त्या उठून शेजारी आल्या, माझा हात हातात घेतला आणि गाण्याबरोबर संथपणे गोल फिरवत राहिल्या, जात्याचा खुंटा फिरवावा तसा. गाणारा एकटा पडू नये म्हणून त्यांच्याकडे ऐकणारा असं करतो, म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला फ्रिजची आठवण झाली नाही.

तिसरं गाणं अजून सापडत नव्हतं. खरं सांगायचं तर सापडलं होतं, आणि तीच पंचाईत होती. इतकी गाणी ऐकली, पण माझा पिच्छा पुरवणारं एकच होतं, भिंतीतून आलेलं. ते मला कुठेही ऐकायला मिळालं नाही. शब्द येत नव्हते आणि ते एकाच व्यक्तीला येत होते. त्यांना विचारायला जावं तर सरप्राइज गेलं, आणि जे गाणं त्यांनी माणसांत कधी म्हटलं नाही आणि आता एकटीनेही म्हणू शकत नाहीत, ते आपण भरल्या हॉलमध्ये म्हणावं का, हा प्रश्न उरलाच. त्यांना आनंद होईल की जखमेवर मीठ, मला सांगता येईना.

"शब्दांशिवाय कसं गाशील?" नवऱ्याने विचारलं.

"आकारात."

"आयरिश लोकांसमोर आकारात?"

"आपल्याकडे अर्धा अर्धा तास माणसं आकारात गातात. कुणी मरत नाही."

"इथल्या गाण्यांत तर सगळेच मरतात," तो म्हणाला, आणि मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "म्हण. नाही आवडलं तर त्या तोंडावर सांगतील. तेवढा भरवसा आहे त्यांचा."

पार्टीच्या शनिवारी दुपारी हॉल गच्च भरला. एकीकडे गल्लीतली इंग्लिश मंडळी सँडविच घेऊन शिस्तीत बसलेली, दुसरीकडे आयर्लंडहून आलेले मावशींचे नातेवाईक, आणि मधल्या टेबलावर मी नेलेले बटाटेवडे, जे गाणी सुरू व्हायच्या आत संपले. मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या खिडकीजवळची जागा धरली होती. पण किटलीसाठी कुणीतरी हॉलच्या फ्रिजचा प्लग काढला होता.

मला नवऱ्याची धास्ती होती. चांगली जागा आली की त्याच्या तोंडून वा निघतंच, आणि इंग्लिश लोक गाण्याला चर्चमध्ये बसल्यासारखे गप्प बसतात. अंगाईत मी खालच्या सुरावर थांबले आणि तो म्हणालाच, "वा." सगळ्या माना वळल्या. तेवढ्यात पलीकडून मावशींच्या थोराड पुतण्यानेही त्यांच्या भाषेत काहीतरी शाबासकी दिली. तिकडचे लोकही गाणं चालू असतानाच दाद देतात. ते दोघे पुढे जुने दोस्त असल्यासारखे आळीपाळीने बोलत राहिले. दुसऱ्या गाण्यात मुलगा एकदाच बुडाला आणि शेवटचे शब्द मी बोलून टाकले. मावशींनी मान हलवली. जीव भांड्यात पडला.

मग मी डोळे मिटले आणि ती चाल उचलली.

एकही शब्द नाही, नुसता आ. पहिल्या चढणीला हॉलमध्ये कुजबुज झाली, आता ही बाई काय करते आहे. मी डोळे उघडले नाहीत, कारण मावशींचा चेहरा बघायचं धैर्य मला होत नव्हतं. चाल वर गेली, घुटमळली. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि माझा हात कुणीतरी धरला. तो हात मला माहीत होता. तो माझा हात संथपणे गोल फिरवायला लागला. मी रडत होते आणि गात होते, आणि मला कमालीचा आनंद होत होता.

शेवट जवळ आला तसं माझ्या लक्षात आलं की आपल्याला बोलायला शेवटचे शब्दच नाहीत. हे मी घरी कसं विचारात घेतलं नव्हतं, देव जाणे. खाली उतरले, संपवायचं ते संपवता येईना, आणि सवयीने परत पहिल्या ओळीवर गेले. मावशींनी हात फिरवणं थांबवलं नाही. माझ्याबरोबर त्याही पहिल्या ओळीवर आल्या. आम्ही पुन्हा वर गेलो, पुन्हा घुटमळलो, पुन्हा उतरलो, आणि शेवटच्या ओळीच्या तोंडाशी माझा हात त्यांनी घट्ट दाबला. मी थांबले.

मावशींनी शेवटची ओळ बोलून टाकली. खरखरीत, खालच्या आवाजात, आयरिशमध्ये, चहा हवा का विचारावं तशी. त्या ओळीला गाता गळा लागतच नव्हता.

मग पुतण्या काहीतरी म्हणाला, नवरा वा म्हणाला आणि टाळ्या झाल्या. त्या गोंधळात मावशींनी माझा कान जवळ ओढला.

"तू पुन्हा पहिल्या ओळीवर आलीस."

"हो."

"या वेळी चालेल," त्या म्हणाल्या. "आता मी निघते."