रूथबाईंची थोरली

रूथबाई आठवडाभर भांडायच्या आणि शनिवारी माफी मागायच्या. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन असलं, की डोक्यावर पदर घेऊन त्या हिंगोलीच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत दारोदार फिरत. "माजी जीभ लई तिखट. लागलं असंल तर माफ कर," एवढंच म्हणत. भाजीवालीलाही सोडत नसत. लोक हसत. "हसा," त्या म्हणत, "पण रुसलेलं माणूस मागं ठेवून प्रभूपुढं जाता येत न्हाई."

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी मिशनच्या शाळेत शिकवत होते. शेजारी राहणाऱ्या रूथबाई बायबलबाई होत्या. खेड्यांतल्या बायकांना प्रभूच्या गोष्टी सांगत हिंडायच्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. एवढ्या माफ्या मागून आलेल्या या बाई मिशनच्या देवळात प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला फिरू लागला, की हळूच उठून बाहेर जात. एकदा मी कारण विचारलं.

"एक दार राहिलंय, बाई," त्या म्हणाल्या.

बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधीची, डोंगरकडा या त्यांच्या माहेरगावची गोष्ट. थोरल्या बहिणीनं थप्पड मारली, म्हणून रागाच्या भरात त्यांनी वडिलांना खोटंच सांगितलं, की थोरली विहिरीवर एका पोराशी बोलत उभी असते. वडिलांनी घाईघाईनं तिला हिंगोलीकडच्या गोरेगावच्या एका बिजवराला देऊन टाकलं. तो मारकुटा निघाला. थोरलीनं माहेर तोडलं.

रूथबाई दर साली गोरेगावला जात. एकदा मीही सोबत गेले. थोरली ओट्यावर ज्वारी पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

"अक्का, माफ कर," रूथबाई म्हणाल्या.

"तुज्या देवानं केलं न्हाई का? मग मला काहून तकलीफ देऊन राहिली? माफी घेऊन तू हलकी व्हशील. मी काय व्हऊ? जिथं खोटं बोललीस, तिथं जाऊन खरं बोल."

परतताना बैलगाडी हिंगोलीजवळ आल्यावर रूथबाई म्हणाल्या, "आजवर मी माज्यासाठीच जात व्हते."

त्या डोंगरकड्याला गेल्या. वडील आता हयात नव्हते. भावांसमोर, जमलेल्या भावकीसमोर त्यांनी सगळं सांगितलं. ख्रिस्ती होऊन बाटली म्हणून ओंजळीत वरून पाणी ओतून का होईना, दिवाळीला अंगणात बसू देणारे भाऊ त्या दिवशी म्हणाले, "मेलेल्या बापाला खाली पाहायला लावलंस. पुन्हा इथं येऊ नको."

त्यानंतर रूथबाई कुणाशी भांडल्या नाहीत. शनिवारी उंबऱ्यावर एकट्याच बसत. त्यांच्या शिव्यांची सवय असलेल्या वस्तीला ती शांतता खायला उठायची. गोरेगावलाही त्या गेल्या नाहीत. "मागून झालं. आता अक्काची मर्जी." भाकर मात्र त्यांनी घेतली नाही.

पुढं रझाकारांचे दिवस आले. रस्ते बंद पडले, लोक घराबाहेर निघेनात. त्यातच हिवतापानं रूथबाई गेल्या. पेटी उचलायला चारचौघंच होतो.

रस्ते खुले झाल्यावर एक म्हातारी काठी टेकत माझ्या दारात आली. थोरली होती. धाकटीनं भावकीत खरं सांगितल्याचं डोंगरकड्याच्या कुणीतरी तिला सांगितलं होतं.

मी तिला कबरीपाशी नेलं. ती मातीवर हात ठेवून बसली.

"माफ केलं म्हणून सांगायला आले व्हते," ती म्हणाली. हे मला म्हणाली की रूथबाईंना, ते कळलं नाही.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "तिचा तांब्या हाय का? त्यातूनच पाणी दे."

मी रूथबाईंचा तांब्या भरून दिला. वरून न ओतता, ओठांना लावून ती सगळं पाणी प्याली.